आखूड केसांच्या घरीं लांब केसांचें पिलूं

"खाण तशी माती" ही म्हण आमच्या भागांतील प्रत्येक मुलाच्या कानांवरून गेलेली असते. चाकणच्या शनिवारच्या बाजारांत खोंड घ्यावयास आलेला शेतकरी आधीं त्याचे दांत, खूर व वशिंड पाहतो आणि मग विकणाऱ्यास हळूच विचारतो, "ह्याची माय कशी होती?" त्या प्रश्नाच्या मुळाशीं हीच म्हण आहे. तिला खोटी म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु ती अपुरी आहे, आणि कोठें अपुरी पडते हें मुठींत मावणाऱ्या एका प्राण्याच्या केसांवरून फार चांगलें दाखवितां येतें.

तो प्राणी म्हणजे हॅमस्टर. निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथील ज्या घरांत कुत्र्यास जागा नाहीं आणि मांजरास सोसायटीची संमति नाहीं, अशा घरांत हा पाहुणा आतां वारंवार दिसतो. कूळ उंदराचें, परंतु शेपूट नांवालाच. दोन्ही गालांत पिशव्या, आणि त्यांत दाणे कोंबून ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत नेऊन लपविण्याची संवय. दिवसभर झोंप काढावी आणि रात्रभर चाक फिरवावें हा त्याचा नित्यक्रम. कारखान्यांतील दुसरी पाळी आटोपून मध्यरात्रीं घरीं येणाऱ्या किती वडिलांनीं त्या चाकास शिव्याशाप दिले असतील, त्याची गणती न केलेली बरी. दुकानांत ह्या प्राण्याच्या दोन तऱ्हा मिळतात: एक आखूड, मखमलीसारख्या केसांची, आणि दुसरी लांब, झुपकेदार केसांची. येथें आम्ही सिरियन हॅमस्टराविषयींच लिहीत आहों. त्याहून लहान असे जे बुटके हॅमस्टर विकावयास असतात, त्यांच्या जाती निराळ्या आहेत.

आतां अशी कल्पना करा कीं, एका विद्यार्थ्याजवळ आखूड केसांचा नर आहे आणि शेजारच्या मैत्रिणीजवळ आखूड केसांची मादी आहे. दोघांस एकत्र आणलें आणि सोळा दिवसांनीं मादीस आठ पिलें झालीं. महिना-दीड महिना लोटला, तों दोन नर-पिलांच्या कंबरेपासून केसांची झालर लोंबूं लागली. घरांत लागलीच चर्चा सुरू होते. थोरला भाऊ म्हणतो, दुकानदारानें आपल्याला फसविलें. शेजारच्या काकू म्हणतात, गाभण असतांना मादीची नजर समोरच्या लांब केसांच्या मांजरावर पडली असेल. आजीला वाटतें, बाप दुसराच असावा. आजीची शंका अगदींच टाकाऊ नाहीं. दुकानांत नर-माद्या एकाच पेटींत ठेवीत असतील, तर विकत आणलेली मादी आधींच गाभण असूं शकते. परंतु ही मादी घरीं कित्येक महिने एकटी होती असें समजूं. तिन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे, ती ही कीं प्रत्येकानें कोणाला तरी दोषी ठरविलें. खरें उत्तर असें आहे कीं, ह्यांत दोष कोणाचाच नाहीं. लांब केस त्या नराजवळही होते आणि मादीजवळही होते. फक्त ते दिसत नव्हते.

नसलेली वस्तु पिलांत कोठून आली, ह्या प्रश्नाचें उत्तर शोधणारा पुरुष एक धर्मगुरु होता. ग्रेगोर मेंडेल (जन्म 1822) हे ब्र्यून शहरांतील ऑगस्टिनियन मठांत राहत. तें शहर आज झेक देशांत असून त्यास ब्रनो म्हणतात. मठाच्या बागेंत त्यांनीं कित्येक वर्षें वाटाणे लाविले. उंच वेलाचा व बुटक्या वेलाचा संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सारे वेल उंच झाले. बुटकेपणा जणूं पुसून गेला. पण त्या उंच वेलांचेंच बीं पुन्हां पेरलें, तेव्हां 787 वेल उंच आणि 277 वेल बुटके निघाले, म्हणजे सुमारें तिनास एक. अनेकांनीं असे संकर त्यापूर्वीं केले होते. मोजणी मात्र चिकाटीनें मेंडेल ह्यांनींच केली. त्यांनीं आपला निबंध 1865 सालीं वाचला व तो 1866 सालीं छापून निघाला. त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. 1884 सालीं मेंडेल वारले आणि 1900 सालीं युरोपांतील वनस्पतिशास्त्रज्ञांना तो निबंध पुन्हां सांपडला. आम्हांस ह्या हकीगतींतील मोजणीचा भाग सर्वांत अधिक आवडतो, कारण तें काम शाळेंतील कोणताही मुलगा किंवा मुलगी करूं शकेल.

मेंडेल ह्यांचा नियम हॅमस्टरास लावूं. केसांची लांबी ठरविणारें एक जनुक आहे. जनुक म्हणजे वंशपरंपरेनें मिळणाऱ्या सूचनेचा एक तुकडा. त्याच्या दोन प्रती प्रत्येक पिलाजवळ असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. आखूड केस देणाऱ्या प्रतीस 'आ' म्हणूं, आणि लांब केस देणाऱ्या प्रतीस 'ला' म्हणूं. पिलास 'आआ' अशी जोडी मिळाली तर केस आखूड. 'लाला' अशी मिळाली तर लांब. आणि 'आला' अशी मिश्र जोडी मिळाली (मुलांनीं हंसूं नये) तर केस आखूडच, कारण आखूडपणाची एक प्रतही आपलें काम पुरें करते. म्हणून आखूड केसांच्या गुणास प्रभावी आणि लांब केसांच्या गुणास अप्रभावी म्हणतात. ह्या दुसऱ्या शब्दानें पुष्कळांचा घोटाळा होतो. अप्रभावी म्हणजे दुबळा नव्हे, आणि मेलेला तर नव्हेच. 'आला' जोडीच्या हॅमस्टरांत 'ला' ही प्रत जशीच्या तशी शाबूत असते आणि निम्म्या पिलांस तशीच पोंचते. कुलूपबंद पेटींतला दागिना अंगावर दिसत नाहीं, म्हणून तो घरांत नाहीं असें होत नाहीं.

आपल्या उदाहरणांतील नर 'आला' आणि मादीही 'आला'. प्रत्येक पिलास बापाकडून 'आ' किंवा 'ला', आणि आईकडूनही 'आ' किंवा 'ला' मिळणार. चार मेळ संभवतात, आणि चारही सारख्याच संभवाचे: 'आआ', 'आला', 'लाआ', 'लाला'. पहिले तीन आखूड, शेवटचा लांब. आठ पिलांत दोन लांब केसांचीं निघालीं हें ह्या हिशेबाशीं बरोबर जुळतें, परंतु तें तसें जुळलेंच पाहिजे असें मात्र नाहीं. एकही लांब केसांचें पिलूं न होण्याचा संभव किती, तें काढून पाहा. एक पिलूं आखूड निघण्याचा संभव तीन-चतुर्थांश. आठही आखूड निघण्याचा संभव म्हणजे तीन-चतुर्थांशास स्वतःनेंच आठ वेळां गुणलेला, अर्थात् 65,536 मध्यें 6,561, म्हणजे शंभरांत सुमारें दहा. तेव्हां एका वेतांत सारीं पिलें आखूड केसांचीं निघालीं, एवढ्यावरून आईबाप "शुद्ध" आहेत असें म्हणणारा विक्रेता दहांतून एकदां तरी चुकेल. खरी परीक्षा करावयाची असेल तर संशयित आखूड हॅमस्टराचा मेळ लांब केसांच्या हॅमस्टराशीं घालावा लागतो. तो छुपा 'ला' बाळगून असेल, तर प्रत्येक पिलूं लांब निघण्याचा संभव निम्मा होतो, आणि आठांत एकही लांब न निघण्याचा संभव 256 मध्यें 1 इतकाच उरतो.

येथें आणखी एक बारकी गोष्ट आहे, जी हुशार मुलांसही चकविते. ह्याच वेतांतील एखादें आखूड केसांचें पिलूं आपण घरीं आणलें, तर त्याच्याजवळ 'ला' लपलेला असण्याचा संभव किती? पुष्कळ जण "निम्मा" म्हणतील. परंतु लांब केसांचा मेळ तर आपण डोळ्यांनीं पाहूनच वगळला. उरले तीन, आणि त्यांतील दोघांत 'ला' आहे. उत्तर दोन-तृतीयांश.

हें 'ला' म्हणजे आहे तरी काय? मेंडेल ह्यांस तें ठाऊक नव्हतें. आज ठाऊक आहे. अंगावरील प्रत्येक केस कांहीं काळ वाढतो, मग वाढ थांबते, मग तो विसावतो आणि शेवटीं गळून त्याच्या जागीं नवा उगवतो. डोक्याचा केस वर्षानुवर्षें वाढत राहतो आणि भुंवईचा थोड्याच काळांत थांबतो, म्हणून भुंवईची वेणी घालावी लागत नाहीं. "आतां वाढ पुरे" असा निरोप केसाच्या मुळाशीं पोंचविणारें एक प्रथिन आहे. शास्त्रज्ञ त्यास एफ-जी-एफ-पांच म्हणतात. तें प्रथिन बिघडलें तर केस झपाट्यानें वाढतो असें नाहीं; तो वेळेवर थांबत नाहीं, इतकेंच. 1994 सालीं लांब केसांच्या उंदरांत हाच बिघाड सांपडला, 2006 सालीं कुत्र्यांत, 2007 सालीं मांजरांत. आणि 2015 सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, सिरियन हॅमस्टरांत त्या जनुकांतून फक्त एक अक्षर गळालेलें आहे.

एका अक्षरानें एवढा फरक कसा पडतो? जनुकाची लिपी तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनीं वाचली जाते, आणि शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते. "शरद कमळ बघत बसत" हे चार शब्द घ्या. प्रत्येक तीन अक्षरांचा. आतां त्यांतून एकच 'क' काढा आणि पुन्हां तीन-तीन अक्षरें मोजून वाचा: "शरद मळब घतब सत". शरद तेवढा वांचला. पुढचें सारें निरर्थक झालें. असेंच हॅमस्टराच्या त्या जनुकांत होतें, आणि थांबण्याचा निरोप घेऊन जाणारा दूत धड तयारच होत नाहीं. 'आला' जोडींत एक प्रत शुद्ध असते, ती पुरेसे दूत बनविते, म्हणून केस आखूड राहतात. प्रभावी आणि अप्रभावी ह्या शब्दांचा येथें तरी एवढाच अर्थ आहे.

माद्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. 'लाला' जोडीच्या नराचे केस जमिनीवर लोळतात, पण त्याच जोडीच्या मादीचे केस किंचित् लांब, मागील भागाकडे थोडे विस्कटलेले, इतकेच दिसतात. नराच्या शरीरांतील संप्रेरक केसांच्या ह्या वाढीस साह्य करतें. मादींत तें नसल्यासारखें. म्हणून अशी मादी आखूड केसांची समजून विकली जाणें सहज शक्य आहे. तिच्याजवळ तर 'ला' च्या दोन्ही प्रती असतात, आणि ती डोळ्यांदेखत लपून राहते.

ह्या घराण्याचा पूर्वेतिहास ऐकण्यासारखा आहे. 1930 सालीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ इझ्राएल आहारोनी ह्यांनीं सिरियांतील अलेप्पोजवळ एका गव्हाच्या शेतांत खोल खणून एक मादी व तिचीं 11 पिलें बाहेर काढलीं. काळ्या आजाराचा अभ्यास करणाऱ्या शॉल अ‍ॅडलर नांवाच्या वैद्यास प्रयोगासाठीं असा प्राणी हवा होता. वाटेंत कांहीं पिलें गेलीं, कांहीं पळालीं. जीं थोडीं उरलीं त्यांचाच वंश पुढें प्रयोगशाळांतून व घरांतून जगभर पसरला. 1971 सालीं अलेप्पोहून आणखी कांहीं हॅमस्टर अमेरिकेंत नेण्यांत आले. परंतु निगडीच्या पिंजऱ्यांतला हॅमस्टर आणि लंडनच्या पिंजऱ्यांतला हॅमस्टर हे बहुधा त्या एकाच बिळाचे वारस होत. सारे जण एकमेकांचे इतके जवळचे नातलग असल्यावर दोन जनावरांजवळ तीच छुपी प्रत सांपडणें मुळींच नवलाचें नाहीं.

आणि छुपी प्रत केसांचीच असते असें नाहीं. ह्या प्राण्यांत एक जनुक असें आहे कीं, त्याची एक प्रत मिळाली तर पोटाखालीं पांढरा रंग येतो किंवा अंगभर पांढरे केस मिसळतात, व तें फार शोभून दिसतें. परंतु दोन प्रती मिळाल्या तर पिलूं सबंध पांढरें आणि डोळ्यांवांचून जन्मतें. अशा दोन सुंदर जनावरांचा मेळ हौसेनें घालणारा मनुष्य चार पिलांत एक आंधळें पिलूं निर्माण करण्याचा संभव पत्करतो, आणि बहुधा त्यास तें ठाऊकही नसतें. त्यांतून सिरियन हॅमस्टर हा एकटा राहणारा प्राणी. वयांत आलेले दोघे एका पिंजऱ्यांत ठेविले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. तेव्हां वाचलेला नियम पडताळण्यासाठीं कोणी घरीं पिलें वाढवूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. पालकांनीं एक हॅमस्टर आणावा, तो लांब केसांचा असल्यास भुसा केसांत अडकत नाहीं ना हें पाहावें, चैत्र-वैशाखांत पिंजरा उन्हापासून दूर ठेवावा, आणि गणित कागदावर करावें.

आमच्या मुलखांतलीं जनावरें पाहिलीं तरी हा विषय परका वाटत नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांत व लगतच्या कर्नाटकांत शिकारीचे जे सडपातळ कारवानी कुत्रे पाळतात, त्यांतच कान, शेपूट व पाय ह्यांवर लांब रेशमी केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे फारसींत लोकर. उलट दख्खनी मेंढीच्या घोंगडीच्या लोकरीस तिनास एक हा हिशेब लावूं जाल तर फसाल. लोकरीची लांबी व जाडी एका जनुकाच्या हातीं नसून पुष्कळ जनुकांच्या व कांहीं अंशीं चाऱ्याच्याही हातीं असते. मात्र त्याच दख्खनी मेंढींत एका जनुकाचा फार सुंदर उपयोग झालेला आहे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या सुंदरबनांतील गरोळे मेंढींतून जुळीं कोंकरें देणारें एक जनुक दख्खनी मेंढींत आणलें आणि त्या मेंढीस 'नारी सुवर्णा' असें नांव दिलें. आतां मेंढा कांहीं वीत नाहीं. मग हें जनुक त्याच्याजवळ आहे कीं नाहीं, हें बाजारांत त्याचे दांत पाहून कसें कळावें? तें रक्ताच्या थेंबाच्या परीक्षेनें कळतें. दिसण्यावर विसंबून न राहतां रक्त तपासावें, ही गोष्ट तेथील मेंढपाळांस पटली आहे.

ती मनुष्यांस पटण्यास मात्र वेळ लागतो, आणि आम्ही हा लेख पालकांसही वाचावयास देत आहों तो एवढ्याचसाठीं. थॅलॅसेमिया नांवाच्या रक्तविकाराची चाल हुबेहूब अशीच आहे. रक्तांतील तांबडें द्रव्य बनविणाऱ्या जनुकाची एक प्रत सदोष असेल, तर तो मनुष्य धडधाकट असतो, कारखान्यांत पाळ्या करतो, खेळांत बक्षिसें मिळवितो. अशा दोघांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्यास दोन्ही सदोष प्रती मिळण्याचा संभव चारांत एक असतो. आणि तसें मूल जन्मलें तर त्यास तान्हेपणापासून वरचेवर दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. ही सदोष प्रत भारतांतील अनेक समाजांत आढळते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली ह्यांत तिचें प्रमाण अधिक आहे. 1947 च्या फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पांत वसलेल्या कुटुंबांची मुलें-नातवंडें आज आमच्याच परिसरांत शिकत आहेत. नंदुरबार, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल विकाराचाही हिशेब हाच.

असें मूल जन्मलें कीं घरांत तीच चर्चा सुरू होते, जी हॅमस्टराच्या पिंजऱ्याभोंवतीं झाली होती. फक्त येथें ती विनोदाची राहत नाहीं. "आमच्या घराण्यांत असें कधीं नव्हतें," असें सासर म्हणतें, आणि सुनेकडे बोट जातें. परंतु दोन सदोष प्रतींपैकीं एक प्रत बापाकडूनच आलेली असते. तिच्यावांचून हा विकार होतच नाहीं. घराण्यांत कधीं दिसलें नाहीं, हें खरें असूं शकेल. घराण्यांत नव्हतें, हें खरें नसतें. विवाहापूर्वीं अथवा गरोदरपणाच्या आरंभीं साध्या रक्ततपासणीनें ही प्रत ओळखतां येते. तपासणी दोघांची व्हावी. एकट्या स्त्रीची करून थांबणें पुरेसें नाहीं, आणि तिच्या रक्तांत ती सांपडल्यावर पुरुषानें आपली तपासणी टाळणें तर अगदीं गैर.

"पहिलें मूल आजारी झालें, आतां पुढचीं तीन तरी निरोगी होतील," असें समाधान करून घेणारे लोकही भेटतात. ही समजूत किती भ्रामक आहे तें पाहावयास दोन नाणीं पुरतात. एक नाणें आईचें माना, एक बापाचें; छाप म्हणजे 'आ', कांटा म्हणजे 'ला'. दोन्ही एकदम उडवा आणि काय पडलें तें वहींत मांडा. असें चाळीस वेळां करा. दोन्ही कांटे सुमारें दहा वेळां पडतील. कोणाला आठ वेळां, कोणाला तेरा वेळां. मग वहींत मागें जाऊन, जेथें जेथें दोन्ही कांटे पडले आहेत तेथें तेथें लगेच पुढच्या खेपेस काय पडलें त्यावर खूण करा. कांहीं ठिकाणीं लागोपाठ दुसऱ्यांदाही दोन्ही कांटेच पडलेले दिसतील. सबंध वर्गाच्या वह्या एकत्र करून अशा खुणा मोजल्या, तर त्यांतही चारांत एक हेंच प्रमाण जवळजवळ निघेल. मागच्या खेपेस काय पडलें होतें, हें नाण्यास आठवत नसतें.